तिसरं रूप आणि वेळेचे शब्द: इंग्रजीत संदेश लिहिणाऱ्या कोकणातल्या मंडळींसाठी

आंब्याचा हंगाम सुरू झाला की देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदारांच्या फोनवर इंग्रजी संदेश वाढतात. तारकर्ली, गुहागर, दिवेआगरला घरगुती राहण्याची सोय करणारे, मालवणच्या धक्क्यावरून पाहुण्यांना किल्ल्यावर नेणारे, चौकशीला उत्तरं देणारी घरातली कॉलेजची मुलं, सगळ्यांचंच काम थोडंफार इंग्रजीत चालतं. या संदेशांत एक वाक्य हमखास दिसतं: "आय हॅव सेंट द बॉक्स यस्टरडे." शब्द ओळखीचे, तिसरं रूप अचूक, अर्थही पोहोचतो. तरी इंग्रजीच्या दृष्टीने हे वाक्य बसत नाही, कारण 'हॅव सेंट' आणि 'यस्टरडे' एका वाक्यात नांदत नाहीत.

गो-वेंट-गॉन तोंडपाठ आहे, पण तिसऱ्या रूपाबरोबर वेळेचा कोणता शब्द चालतो हे कुणी नीट सांगितलं नाही, अशांसाठी हा लेख आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा. माझ्या मते हा विषय डोळ्यांपेक्षा कानाने लवकर बसतो.

पहिली पायरी: तिसऱ्या रूपाच्या डावीकडे बघा

शाळेत आपण तीन रूपं घोकली: टेक, टुक, टेकन. सी, सॉ, सीन. दुसरं रूप भूतकाळाचं, हे खरं. तिसऱ्या रूपाचं नावच 'पास्ट पार्टिसिपल', म्हणून तेही भूतकाळाचंच असणार असं आपण धरून चालतो. बहुतेक गोंधळाचं मूळ तिथे आहे. तिसरं रूप एक तर काम पूर्ण झाल्याचं सांगतं, नाही तर ते काम कुणावर तरी झाल्याचं सांगतं. केव्हा झालं, हे ते सांगतच नाही.

ही चार वाक्यं वाचा.

"गेस्ट्स आर टेकन टु द फोर्ट एव्हरी मॉर्निंग."
"द गेस्ट्स वेअर टेकन टु द फोर्ट यस्टरडे."
"द गेस्ट्स विल बी टेकन टु द फोर्ट टुमारो."
"द गेस्ट्स हॅव ऑलरेडी बीन टेकन टु द फोर्ट."

पाहुण्यांना रोज सकाळी नेतात, काल नेलं, उद्या नेणार, आणि आधीच नेऊन झालं. चारही ठिकाणी 'टेकन' तसाच आहे, 'टुमारो'बरोबरसुद्धा. बदलले ते त्याच्या आधी आलेले सहायक शब्द: आर, वेअर, विल बी, हॅव बीन. वेळेचा शब्द जुळवायचा तो या सहायकांशी. म्हणून वाक्यात 'यस्टरडे' किंवा 'सिन्स मंडे' घालण्याआधी तिसऱ्या रूपाच्या डावीकडे काय आहे ते बघायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका सवयीवर उभ्या आहेत.

दुसरी पायरी: वेळ बंद झालेली आहे की अजून उघडी आहे?

वेळेचे काही शब्द संपून गेलेला काळ दाखवतात. यस्टरडे, लास्ट नाईट, लास्ट संडे, टू डेज अगो, इन १९९८, व्हेन आय वॉज इन स्कूल, ॲट फाइव्ह ओ'क्लॉक. यांच्यात आता काही भर पडू शकत नाही. यांना आपण बंद वेळ म्हणू.

दुसरे काही शब्द आत्ताच्या क्षणापर्यंत येऊन टेकतात. सो फार, सिन्स मंडे, फॉर द लास्ट टू डेज, एव्हर, नेव्हर, येट, ऑलरेडी, जस्ट. टुडे, धिस वीक, धिस सीझन हेही सहसा यांच्यातलेच, कारण दिवस, आठवडा, हंगाम अजून चालू असतो. ही उघडी वेळ.

एकच शब्द बोलण्याच्या वेळेनुसार बंद किंवा उघडा होऊ शकतो. सकाळी दहा वाजता "आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग" चालतं, कारण सकाळ सरलेली नाही. संध्याकाळी तेच सांगायचं तर "आय सॉ हिम धिस मॉर्निंग." हंगामाचंही तसंच. मे महिन्यात बागायतदार लिहील, "वी हॅव सेंट टू हंड्रेड बॉक्सेस धिस सीझन." अजून पेट्या जायच्या आहेत. ऑगस्टमध्ये त्याच पेट्यांबद्दल तो लिहील, "वी सेंट टू हंड्रेड बॉक्सेस धिस सीझन." पेट्या तेवढ्याच, पण बाग रिकामी झाली, म्हणून 'हॅव' गेला.

एका जोडीकडे जरा थांबून बघा, कारण तिथे भलेभले अडखळतात. 'लास्ट वीक' म्हणजे मागचा आठवडा. तो संपला, बंद झाला. 'इन द लास्ट वीक' म्हणजे गेल्या सात दिवसांत, आजपर्यंत. ती वेळ उघडी आहे. म्हणून "इट रेन्ड लास्ट वीक", पण "इट हॅज रेन्ड एव्हरी डे इन द लास्ट वीक". 'द' आणि त्याच्या आधीचा 'इन' किंवा 'फॉर' गाळला की अर्थ बदलतो. मराठीच्या सवयीने आपण "लास्ट टू इयर्स आय हॅव वर्क्ड हिअर" लिहून जातो. तिथे "फॉर द लास्ट टू इयर्स" हवं.

तिसरी पायरी: 'हॅव' आणि 'हॅज' यांना बंद वेळ चालत नाही

'हॅव' आणि 'हॅज' ही वर्तमानकाळाची रूपं आहेत. पुढे तिसरं रूप आलं तरी त्यांचा वर्तमानकाळ सुटत नाही. काम मागे झालं असेल, पण वाक्य आजबद्दल बोलत असतं: पेटी गेली आहे, म्हणजे आता माझ्याकडे नाही. इंग्रजीत अशा वाक्याला कालचा दिवस जोडता येत नाही. काल म्हणायचं असेल तर साधा भूतकाळ घ्यायचा: "आय सेंट द बॉक्स यस्टरडे."

मराठीत अशी अडचण येत नाही. "मी त्याला काल बाजारात पाहिलंय" हे आपण अगदी सहज बोलतो आणि त्यात काही चूक नाही. 'पाहिलंय' आणि 'काल' मराठीत एका वाक्यात बसतात. तेच वाक्य शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं की "आय हॅव सीन हिम यस्टरडे" तयार होतं. हुशार मुलांकडूनही हीच चूक होते. त्यांना व्याकरण येत नाही म्हणून ती होत नाही, मराठी चांगली येते म्हणून होते.

प्रश्नात ही अडचण जास्त बोचते. "व्हेन हॅव यू रीच्ड?" हे वाक्य रोज ऐकू येतं. 'व्हेन'ने नेमकी वेळ विचारली जाते. पोहोचण्याचा क्षण होऊन गेलेला असतो, म्हणून "व्हेन डिड यू रीच?" असंच विचारायचं. आपला 'कधी' हा शब्द इथे दोन कामं करतो, हे लक्षात घेतलं की पुष्कळ सोपं होतं. "तुम्ही मालवणला कधी आलात?" यातला कधी म्हणजे 'व्हेन': "व्हेन डिड यू कम टु मालवण?" आणि "तुम्ही कधी मालवणला आला आहात का?" यातला कधी म्हणजे 'एव्हर', आयुष्यात आजवर एकदा तरी: "हॅव यू एव्हर बीन टु मालवण?" पाहुण्यांशी गप्पा सुरू करायला हे दुसरं वाक्य उत्तम. त्यात 'बीन' का आणि 'गॉन' का नाही, तर 'गॉन' म्हणजे गेला आणि अजून तिकडेच आहे, 'बीन' म्हणजे जाऊन आला. "माय ब्रदर हॅज गॉन टु रत्नागिरी" म्हटलंत तर भाऊ आत्ता घरी भेटणार नाही.

आता एक संवाद जवळून बघू. बंगळुरूच्या गिऱ्हाइकाने विचारलं: "हॅज माय बॉक्स बीन सेंट?" उत्तर असं द्यावं:

"येस, इट हॅज बीन सेंट. वी पॅक्ड इट यस्टरडे आफ्टरनून अँड पुट इट ऑन द नाईट बस. इट हॅजंट रीच्ड बेंगलुरू येट. द ड्रायव्हर कॉल्ड मी ॲट सेव्हन. ही हॅड जस्ट क्रॉस्ड बेळगाव."

पहिलं वाक्य बातमी देतं: पेटी गेली आहे. गिऱ्हाइकाला आधी तेवढंच हवं असतं. त्यात वेळ नाही, म्हणून 'हॅज बीन सेंट' योग्य. दुसऱ्या वाक्यात तपशील सुरू होतो: केव्हा भरली, कशात घातली. 'यस्टरडे आफ्टरनून' आली आणि लगेच साधा भूतकाळ लागला, 'पॅक्ड' आणि 'पुट'. तिसऱ्या वाक्यात पुन्हा आत्ताची स्थिती, अजून पोहोचलेली नाही, सोबत 'येट'. चौथ्यात 'ॲट सेव्हन', म्हणून परत साधा भूतकाळ. पाचव्यातला 'हॅड' पुढच्या पायरीचा विषय आहे. बातमी 'हॅव'ने द्यायची आणि तपशील साध्या भूतकाळात सांगायचे, ही इंग्रजीची चाल आहे. आपण बहुतेक वेळा 'हॅव'ने सुरू करतो आणि पूर्ण संदेश 'हॅव'मध्येच ओढत नेतो. एकदा बातमी देऊन झाली की 'हॅव' सोडून द्यायचा, एवढं जरी केलंत तरी तुमचे संदेश लगेच सुधारतील.

चौथी पायरी: 'गेलो होतो' म्हणजे दर वेळी 'हॅड गॉन' नव्हे

ही चूक आपल्या भागात मला सर्वांत जास्त दिसते, म्हणून तिला जास्त जागा देतो.

मराठीत काल घडलेली गोष्ट सांगताना आपण 'होतो' सर्रास वापरतो. काल रत्नागिरीला गेलो होतो. परवा पाहुणे आले होते. मालवणीतही "काल कुडाळाक गेललंय" असंच येतं. शाळेत 'होता, होती, होते' म्हणजे 'हॅड' असं समीकरण पाठ करून घेतलेलं असतं, त्यामुळे "यस्टरडे आय हॅड गॉन टु रत्नागिरी" लिहिलं जातं. ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो, कारण इंग्रजीत एकटा 'हॅड गॉन' अर्धवट वाटतो. एका मागच्या घटनेच्याही आधीची घटना सांगायची असेल तेव्हाच 'हॅड' लागतो. नुसतं कालचं सांगायचं तर "यस्टरडे आय वेंट टु रत्नागिरी." पाहुणे आले होते? "सम गेस्ट्स केम द डे बिफोर यस्टरडे." संपलं.

'हॅड' खरा कुठे लागतो ते या जोडीत स्पष्ट होतं.

"व्हेन वी रीच्ड कुडाळ, द ट्रेन हॅड लेफ्ट."
"व्हेन वी रीच्ड कुडाळ, द ट्रेन लेफ्ट."

पहिल्यात तुम्ही स्टेशनवर आलात तेव्हा फलाट रिकामा होता, गाडी आधीच गेलेली. दुसऱ्यात तुम्ही पोहोचलात आणि गाडी सुटली, डबे डोळ्यांसमोरून गेले. प्रवाशाची तक्रार लिहायची असेल तर या दोन वाक्यांत मोठा फरक आहे.

'हॅड'ची आवडती सोबत म्हणजे 'बाय'. "बाय सिक्स ओ'क्लॉक ऑल द बोट्स हॅड कम बॅक." सहा वाजेपर्यंत सगळ्या होड्या परतल्या होत्या. इथे 'कम' हेच तिसरं रूप आहे, 'केम' लिहू नका. बंद वेळ 'हॅड'ला चालते, कारण 'हॅड' स्वतःच भूतकाळात उभा असतो. मात्र "द बोट हॅड लेफ्ट ॲट फाइव्ह" या वाक्याचे दोन अर्थ निघतात: होडी पाचला सुटली होती, किंवा पाच वाजता बघितलं तर ती आधीच गेली होती. दुसरा अर्थ हवा असेल तर "बाय फाइव्ह" लिहा किंवा 'ऑलरेडी' घाला.

रत्नागिरीचा थिबा पॅलेस दाखवताना हा 'हॅड' उपयोगी पडतो. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा १९१० चा. म्हणून पाहुण्यांना सांगायचं: "द पॅलेस वॉज बिल्ट इन १९१०. बाय दॅट टाइम द किंग हॅड बीन इन रत्नागिरी फॉर मोर दॅन ट्वेंटी इयर्स." पहिल्या वाक्यात तारीख, म्हणून 'वॉज बिल्ट'. दुसऱ्यात त्या तारखेपर्यंत चालत आलेला काळ, म्हणून 'हॅड बीन'.

पाचवी पायरी: 'पासून'चे दोन वाटे

मराठीतला 'पासून' इंग्रजीत दोन शब्दांत वाटला जातो. सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तर 'सिन्स', आणि मधला काळ मोजायचा असेल तर 'फॉर'. २०१५ पासून म्हणजे "सिन्स २०१५", दहा वर्षांपासून म्हणजे "फॉर टेन इयर्स". "सिन्स टेन इयर्स" हे कुठेच बसत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की मराठीत आपण "दहा वर्षांपासून इथे राहतो" असं वर्तमानकाळात म्हणतो. इंग्रजीत त्या जागी 'हॅव' आणि तिसरं रूप लागतं: "आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स", किंवा "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर". "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स" या एका वाक्यात दोन्ही चुका एकत्र येतात.

बिंदू आणि पुढचा काळ एकत्र सांगायचा सराव आपल्याच जिल्ह्याच्या माहितीवर करा. "सिंधुदुर्ग बिकेम अ सेपरेट डिस्ट्रिक्ट इन १९८१. इट हॅज बीन अ सेपरेट डिस्ट्रिक्ट सिन्स १९८१." 'इन' आला की साधा भूतकाळ, 'सिन्स' आला की 'हॅज बीन'. कोकण रेल्वेचंही तसंच: "द होल लाइन वॉज ओपन्ड इन जानेवारी १९९८. ट्रेन्स हॅव रन ऑन इट सिन्स देन." इथे 'रन' हे तिसरं रूप, 'रॅन' दुसरं.

'फॉर' मात्र दोन्हीकडे जातो, हे विसरू नका. "आय हॅव लिव्ह्ड इन रत्नागिरी फॉर थर्टी इयर्स" म्हणणारा माणूस अजून रत्नागिरीत राहतो. "थिबा लिव्ह्ड इन रत्नागिरी फॉर अबाउट थर्टी इयर्स", कारण १९१६ मध्ये तो तिथेच वारला आणि तो काळ संपला. हयात नसलेल्या माणसाच्या कामाबद्दल 'हॅज' सहसा येत नाही. लोकमान्य टिळकांबद्दलही "ही वॉज बॉर्न इन रत्नागिरी इन १८५६" असंच म्हणायचं. "हॅज बॉर्न" किंवा "इज बॉर्न" नाही.

सहावी पायरी: किल्ल्यावर उभं राहून बोलताना

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधायला १६६४ मध्ये सुरुवात केली आणि १६६७ पर्यंत काम झालं. माहिती देणाऱ्या मुलांच्या तोंडी हे वाक्य बरेचदा असं येतं: "धिस फोर्ट हॅज बीन बिल्ट इन १६६४." साल आलं म्हणजे वेळ बंद, म्हणून "धिस फोर्ट वॉज बिल्ट बिट्वीन १६६४ अँड १६६७."

हेच तिसरं रूप सहायकाशिवायही वापरता येतं आणि तसं बोलणं कानाला छान लागतं: "बिल्ट इन द सिक्स्टीन-सिक्स्टीज, द फोर्ट स्टिल स्टँड्स इन द सी." डावीकडे सहायक नाही, त्यामुळे वेळेवर बंधनही नाही. मुख्य क्रियापद 'स्टँड्स' वर्तमानकाळात आहे आणि तरी मागचं साल निवांत बसलंय. नामाच्या मागे लावायचं तर "अ फोर्ट बिल्ट थ्री हंड्रेड अँड फिफ्टी इयर्स अगो". गाइडचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हे वळण आत्मसात करावं, असा माझा आग्रह आहे. 'वॉज, वॉज, वॉज' करत लागणारी रटाळ माळ त्याने तुटते.

जागेचा नियम मात्र पाळावा लागतो. वेळ सांगणारे शब्द तिसऱ्या रूपाबरोबर नामाच्या नंतर येतात: "द फिश कॉट धिस मॉर्निंग", सकाळी पकडलेली मासळी. मराठीत विशेषण आधी येतं, त्यामुळे "धिस मॉर्निंग कॉट फिश" लिहावंसं वाटतं, पण तसं लिहू नये. नामाच्या आधी फक्त फ्रेशली, न्यूली, रीसेंटली असे सुटे शब्द चालतात: "फ्रेशली कॉट सुरमई", "अ न्यूली बिल्ट रूम". खानावळीच्या फळ्यावर हे दोन्ही प्रकार कामाला येतील.

आणि एक स्थितीचं वाक्य. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणारी होडी बंद असते. पाहुण्याला "द बोट सर्व्हिस इज क्लोज्ड" एवढंच सांगितलं तर बरोबर. पण 'जूनपासून' जोडलंत की 'इज' बदलायला हवा: "द बोट सर्व्हिस हॅज बीन क्लोज्ड सिन्स जून." पुढची तारीख द्यायची असेल तर 'इज' राहू द्या: "इट इज क्लोज्ड टिल द एंड ऑफ द मॉन्सून." मागून आजपर्यंत आलं तर 'हॅज बीन', आजपासून पुढे गेलं तर 'इज'. मासेमारी बंदीचंही असंच सांगता येईल. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै असते. जुलैच्या मध्याला पाहुण्याने पापलेट मागितलं तर उत्तर: "फिशिंग हॅज बीन बॅन्ड सिन्स द फर्स्ट ऑफ जून. इट इज बॅन्ड टिल द एंड ऑफ जुलै."

सातवी पायरी: जिथे 'हॅव' असूनही 'यस्टरडे' चालतो

इथवर आलात की एक वाक्य तुम्हाला खटकेल: "ही मस्ट हॅव लेफ्ट यस्टरडे." डावीकडे 'हॅव' आहे, उजवीकडे 'यस्टरडे', आणि तरी वाक्य अगदी शुद्ध आहे.

कारण असं, की 'मस्ट, मे, माइट, शुड, कुड' यांच्यानंतर क्रियापद मूळ रूपातच यावं लागतं. 'मस्ट लेफ्ट' म्हणता येत नाही. मग काम मागे झालं हे दाखवायचं कसं? त्यासाठी इंग्रजीकडे एकच वाट उरते, ती 'हॅव' आणि तिसऱ्या रूपाची. तिथला 'हॅव' वर्तमानकाळाचा राहत नाही, तो फक्त मागचेपणा दाखवतो. म्हणून सर्वांत डावीकडचा शब्द बघायचा. तिथे 'हॅव' किंवा 'हॅज' स्वतः असेल तर बंद वेळ नको. तिथे 'मस्ट' किंवा 'शुड' असेल तर बंद वेळ खुशाल घाला.

रोजच्या कामात ही वाक्यं फार लागतात. "द कुरियर मे हॅव कम लास्ट इव्हिनिंग." "यू शुड हॅव टोल्ड अस लास्ट वीक." 'टु हॅव' आणि 'हॅविंग' यांनाही हीच सवलत आहे. पाहुणा येऊन गेला आणि तुमची भेट झाली नाही, तर "आय ॲम सॉरी टु हॅव मिस्ड यू यस्टरडे." फार सभ्य वाक्य आहे हे, जरूर पाठ करा.

आठवी पायरी: जस्ट, ऑलरेडी, येट

इथे फार थांबायची गरज नाही. 'जस्ट' आणि 'ऑलरेडी' हे 'हॅव' आणि तिसरं रूप यांच्या मध्ये येतात: "ही हॅज जस्ट लेफ्ट", "वी हॅव ऑलरेडी ईटन". 'येट' प्रश्नात आणि नकारात, वाक्याच्या शेवटी. 'जस्ट नाऊ' मात्र साध्या भूतकाळाबरोबर घ्या: "ही लेफ्ट जस्ट नाऊ." 'अगो'च्या जागी 'बिफोर' नको. दोन दिवसांपूर्वी म्हणजे "टू डेज अगो", "बिफोर टू डेज" नाही. अमेरिकन पाहुणा "डिड यू ईट येट?" असं विचारेल, ब्रिटिश "हॅव यू ईटन येट?" म्हणेल. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. तुम्ही 'हॅव' वापरलात तर दोघांनाही ते बरोबरच वाटेल.

आता हा संदेश दुरुस्त करा

राहण्याची सोय करणाऱ्या घरमालकाने पाहुण्याला लिहिलेला हा मजकूर आहे. खालचं वाचण्याआधी प्रत्येक तिसऱ्या रूपाच्या डावीकडे आणि उजवीकडे काय आहे ते स्वतः शोधा.

"आय हॅव रिसीव्ह्ड युवर ॲडव्हान्स लास्ट मंडे. वी आर रनिंग धिस होमस्टे सिन्स एट इयर्स. यस्टरडे आय हॅड गॉन टु द मार्केट. द बोट इज क्लोज्ड सिन्स जून. व्हेन हॅव यू बुक्ड युवर रिटर्न टिकेट? माय ब्रदर मस्ट हॅव कॉल्ड यू लास्ट नाईट."

पहिल्या वाक्यात 'लास्ट मंडे' ही बंद वेळ आहे, म्हणून "आय रिसीव्ह्ड युवर ॲडव्हान्स लास्ट मंडे." सोमवार सांगायची गरज नसेल तर 'लास्ट मंडे' काढून 'हॅव' ठेवलात तरी चालेल, उलट पावती देताना तेच जास्त शोभतं. दुसरं: "वी हॅव बीन रनिंग धिस होमस्टे फॉर एट इयर्स." तिसऱ्यात 'हॅड'चं काही काम नाही: "यस्टरडे आय वेंट टु द मार्केट." चौथं: "द बोट हॅज बीन क्लोज्ड सिन्स जून." पाचव्यात 'व्हेन' आहे, म्हणून "व्हेन डिड यू बुक युवर रिटर्न टिकेट?" आणि 'डिड'नंतर 'बुक' मूळ रूपात येतो, इकडे लक्ष असू द्या. तिकीट काढलंय की नाही एवढंच जाणून घ्यायचं असेल तर प्रश्नच बदला: "हॅव यू बुक्ड युवर रिटर्न टिकेट?" सहाव्या वाक्याला हात लावायचा नाही. तिथे सर्वांत डावीकडे 'मस्ट' आहे, म्हणून 'लास्ट नाईट' जागच्या जागी राहू द्या.